पाटी आणि हाक

सकाळची मिस्सा आटोपली की म्हाळगीनगर चौकापर्यंत पायी जाऊन यावयाचे, असा आमचा गेल्या सात वर्षांचा नेम आहे. डॉक्टरांनी सांगितले म्हणून तो सुरू केला. पण पुढे गोडी लागली ती चालण्याची नव्हे, वाचनाची. बरोबर पुस्तक नेण्याची गरज पडत नाही. हुडकेश्वर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्याच इतक्या आहेत की जाता-येता एक लहानसा ग्रंथ वाचून होतो. 'खोली किरायाने देणे आहे', 'रेती, गिट्टी, विटा मिळतील', 'नासुप्र मंजूर प्लॉट', 'थंड पाण्याच्या कॅन', 'येथे सर्व ऑनलाईन फॉर्म भरून मिळतील'. एका टपरीवर खडूने लिहिले आहे, 'तर्री पोहा सकाळी ११ पर्यंतच', आणि त्याखाली तेवढ्याच ठामपणे, 'आज रोख उद्या उधार'.

हुडकेश्वर हे मूळचे खेडे. २०१३ साली नरसाळ्यासह ते नागपूर महापालिकेच्या हद्दीत आले, परंतु कागदावर शहर झाले म्हणून गाव एका रात्रीत शहर होत नसते. आजही एका ले-आउटमध्ये तीन मजली घर, शेजारी तुरीचे शेत आणि पलीकडे कोणाचा तरी तारेचे कुंपण घातलेला मोकळा प्लॉट असे दृश्य दिसते. पावसाळ्यात त्या प्लॉटात पाणी साचले की मधली घरे बेटांसारखी दिसू लागतात. ती पाहिली की आमचे मन मुंबईच्या उत्तरेकडील धारावी बेटावर, आमच्या गोराई गावी जाते. आमचा जन्म तिथला. विदर्भाच्या मातीत आम्हांस तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, सेमिनरी हिल्सवर पौरोहित्याचे शिक्षण झाले, जिभेला सावजी रश्श्याची सवयही लागली. तरी बेटावर वाढलेला माणूस पाण्याकडे पाहून दोन क्षण थांबतोच.

आमच्या लहानपणी गावातील वाण्याच्या दुकानावर पाटी नव्हती. तिची गरजच नव्हती. गोडेतेल कोठे मिळते आणि रॉकेल कोठे मिळते, हे पोरासोरांनाही ठाऊक. पाटी ही परक्यांसाठी असते. ओळखीच्या माणसांच्या गावात नाव पुरते. आमच्या गावचे देऊळ तीन राजांचे. आकाशातील एकाच ताऱ्याच्या खुणेवर विसंबून ज्यांनी एवढा दूरचा प्रवास केला, त्यांच्या छायेत वाढलेल्या मुलांना पाट्यांचे कौतुक ते काय असणार? म्हणूनच की काय, आता पन्नाशी उलटल्यावर आम्ही ते कौतुक पुरवून घेत आहोत.

नागपुरातील एक पाटी आम्हांस विशेष प्रिय आहे. इकडे किराणा, दूध, पाव, अंडी, साबण विकणाऱ्या लहान दुकानास 'डेली नीड्स' म्हणतात. 'साई डेली नीड्स', 'माउली डेली नीड्स', 'न्यू माउली डेली नीड्स'. शब्द इंग्रजी, अक्षरे देवनागरी. २०२२ साली राज्याच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी पाटी सक्तीची केली, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत असेही ठरविले. पुढे २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. तेव्हापासून आमच्या रस्त्यावरही देवनागरी अक्षरे ठळक झाली. शब्द मात्र होते तेच राहिले. यावर काही मित्र नाक मुरडतात. आम्हांस मात्र फादर स्टीफन्स यांची आठवण होते. त्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. तेव्हा शब्द मराठी आणि अक्षरे परकी. आज अक्षरे मराठी आणि शब्द परके. चारशे वर्षांत कोट उलटा झाला, इतकेच. कोटाच्या आतला माणूस कसा आहे, हे शेवटी महत्त्वाचे.

आणि 'डेली नीड्स' याचा अर्थ तरी काय? रोजच्या गरजा. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, ती हीच. वर्षाची नव्हे, महिन्याची नव्हे, रोजची. मोठ्या मॉलमध्ये लोक महिन्याचे सामान भरतात. या लहान दुकानात मात्र हातावर पोट असलेली बाई पाव किलो साखर आणि दहा रुपयांची चहापत्ती घेते. ती प्रार्थना या दुकानाच्या दारात जशी कळते तशी ग्रंथालयात कळत नाही, असे आमचे मत होऊन बसले आहे.

आमच्या घराजवळच्या डेली नीड्समध्ये आता गल्ल्यापुढे चौकोनी ठिपक्यांचा तो कागद चिकटविला आहे आणि शेजारी एक बोलका डबा आहे. मोबाईल दाखविला की डबा मोठ्याने सांगतो, इतके रुपये मिळाले. मोबाईलवरून पैसे देण्याची ही यूपीआय पद्धत २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली आणि चहाच्या टपरीपर्यंत तो कागद पोहोचण्याची वाट मोकळी झाली. सुट्या पैशांऐवजी चॉकलेट हातावर टेकविण्याची जुनी रीत त्यामुळे जवळजवळ संपली, याचे दुःख फक्त आमच्या मिस्सासेवक बालगोपाळांना झाले असावे.

तो ठिपक्यांचा चौकोन, ज्यास क्यूआर कोड म्हणतात, १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. त्यामुळे कागद सरळ असो वा उलटा, यंत्रास दिशा कळते. आणखी एक गंमत अशी की त्यातील मजकूर अशा हिशेबाने पेरलेला असतो, की काही भाग पुसला गेला तरी तो वाचता येतो. सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी चालते. आमच्या दुकानदाराचा कागद हळदीने आणि तेलाने पिवळा पडला आहे, तरी डबा आपला बोलतच असतो. हे समजल्यावर आमच्या मनात आले, पापनिवेदनास बसलेल्या धर्मगुरूस अशी नजर लाभली तर किती बरे! समोरचा माणूस डागाळलेला असला तरी मूळचा मजकूर वाचता यावा.

वाचकहो, आम्ही यंत्राचे वैरी नाही, हे यावरून ध्यानात यावे. ज्या मुलाने संगणकावर पवित्र ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांचा संग्रह मांडला, त्या कार्लो आकुतिस यास ७ सप्टेंबर २०२५ रोजी ख्रिस्तसभेने संतपद दिले. तो वारला तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा होता. संगणकापुढे बसूनही संत होता येते, हे आता आपल्या मुलांना निर्धास्तपणे सांगता येईल. प्रश्न यंत्राचा नसतो. यंत्राच्या मागे माणूस उभा आहे की नाही, हा असतो.

२०२३ च्या सप्टेंबरात, २३ तारखेच्या पहाटे, नागपुरावर मोठा पाऊस कोसळला आणि अंबाझरी तलाव ओसंडून शहराच्या कितीतरी वस्त्या पाण्याखाली गेल्या. आमच्या बाजूस तसा प्रलय दरवर्षी येत नाही. पण लहान पूर ठरलेला. अशाच एका पावसात दीड दिवस वीज नव्हती, मोबाईल मुके झाले होते. आम्ही मेणबत्त्या आणावयास त्या दुकानी गेलो. शटर अर्धे खाली होते. वाकून आत पाहिले तर दुकानदार टॉर्चच्या उजेडात एक लांबट वही लिहीत बसलेला. तीन-चार बाया पुढ्यात उभ्या. बोलका डबा गप्प.

"काय भाऊ, वही अजून आहे म्हणायची?" आम्ही विचारले.

"आहे न फादर. डब्बा पैसे मोजते, पण माणूस नाही ओळखत. कोणाच्या घरी लेकरू आजारी आहे, कोणाची मजुरी आठ दिवसांपासून बंद आहे, हे त्याले कसं समजन?"

"आणि पाटीवर तर लिहिले आहे, आज रोख उद्या उधार?"

तो हसला. "ते अनोळखी लोकांसाठी हाय, फादर."

घरी परतताना आम्हांस हसू आले नाही, कारण आमच्या फाटकावरही एक पाटी होती.

ती गोष्ट त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली. येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय व्हावी आणि आमच्याही दिवसास शिस्त लागावी, म्हणून आम्ही फाटकावर एक नीटनेटकी पाटी लावून घेतली होती. ठळक, शुद्ध मराठी. ऱ्हस्वदीर्घ स्वतः तपासलेले. 'भेटण्याची वेळ सकाळी ९ ते १२, सायंकाळी ५ ते ७. सोमवार बंद.' तळाशी बारीक अक्षरांत, तातडीच्या कामासाठी मोबाईल क्रमांक. शेजारी विजेची घंटा, तिला कॅमेरा जोडलेला. पाटीचे सर्वांनी कौतुक केले. आम्हीही केले.

मे महिन्यातील एका मंगळवारी मिस्सेनंतर एक गवंडीकाम करणारा गृहस्थ पायरीपाशी उभा होता. टोपी हातात. म्हणाला, "फादर, सासूबाई पहाटे गेली. मातीचं विचारायला आलो."

आम्ही चार शब्द सांत्वनाचे बोललो आणि सहज विचारले, "आजारी होती, तर आधी का नाही सांगितलेत? तैलाभ्यंग दिला असता."

"काल दुपारी आलो होतो न जी. तुमालेच मागत होती. घंटी दाबली, लाईन गेली होती वाटते. मंग पाटी वाचली. सोमवार होता."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाटीवर लिहिले ते त्याने पाळले होते. मोबाईल का नाही केला, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. विचारले असते तर कदाचित त्यात पैसे नव्हते, कदाचित तो घरीच चार्जिंगला लावलेला होता, काहीतरी उत्तर मिळाले असते. त्याचा उपयोग काय? सोमवारी दुपारी आम्ही घरातच होतो. फाटकापासून वीस पावलांवर, ओल्या पडद्याआड, वर्तमानपत्र वाचत. एक हाक पुरली असती. पण ज्या घरावर 'बंद' अशी पाटी आहे, त्या घरास भला माणूस हाक मारीत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभूची प्रार्थना संपताच लगोलग एक दाखला येतो. मध्यरात्री एक माणूस मित्राच्या दारात तीन भाकरी मागावयास जातो, आणि आतून उत्तर येते की दार लावले आहे, मुले निजली आहेत. रोजच्या भाकरीची प्रार्थना आणि बंद दार, अशी ती जोड आहे. या दाखल्यावर आम्ही किती प्रवचने दिली असतील, त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी आम्ही दार ठोठावणाऱ्याच्या बाजूने बोललो. आतल्या माणसाची जागा आपली असू शकते, हे त्या मंगळवारपर्यंत आम्हांस उमगले नव्हते. त्या आतल्या माणसाने निदान उत्तर तरी दिले होते.

अर्ध्या शटरचे मर्म आम्हांस त्या पावसाळ्यात कळले. दुपारी इकडची दुकाने शटर अर्धे ओढून घेतात. त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो: धंदा बंद आहे, पण माणूस आत आहे, अडचण असेल तर वाक आणि हाक मार. पाटी पूर्ण बोलते, म्हणून कधी कधी निर्दय होते. अर्धे शटर अर्धेच बोलते आणि उरलेले माणुसकीवर सोडते.

गोराईस बोरिवलीच्या बाजूने यावयाचे तर खाडी ओलांडावी लागे. शेवटची होडी चुकली की माणूस काठावर उभा राहून तोंडाशी हात धरून हाक मारी. आमचे वडील कामावरून उशीर झाला की अशीच हाक देत. पलीकडून कोणी ना कोणी ओ देई, आणि काळोखात वल्ह्यांचा आवाज ऐकू येई. होडीच्या वेळा ठरलेल्या होत्या. पण हाकेस वेळ नव्हती. आम्ही त्या काठावर वाढलो आणि हेच विसरलो.

आता फाटकावरची पाटी बदलली आहे. तळाची ओळ वर घेतली आणि सर्वांत मोठी केली: 'घरी कोणी आजारी असेल तर कोणत्याही वेळी, कोणत्याही दिवशी हाक मारा.' वेळापत्रक खाली, बारीक अक्षरांत गेले. विजेची घंटा आहेच. तिच्याजवळ एक पितळी घंटा दोरीने टांगली आहे, तिला वीज लागत नाही. रस्त्यावरची पोरे शाळेतून येताना ती उगाच वाजवून पळतात, आणि दुपारची झोप मोडते. शेजारच्या काकूंनी सुचविले, "फादर, दोरी जरा वर बांधा न, पोरांचा हात पुरणार नाही."

आम्ही ती आहे तेवढ्याच उंचीवर ठेवली आहे. घंटा वाजली की प्रत्येक वेळी उठून फाटकापर्यंत जातो. बहुतेक वेळा तेथे कोणीच नसते.