ठेवणं आणि राहणं

“त्याला कुठे ठेवलंत?”

लग्नात, बारशाला, मंडईत जुनं ओळखीचं कुणी भेटलं की इकडच्या-तिकडच्या दोन गोष्टी होतात आणि मग हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याचा आवाज खाली आलेला असतो, हात माझ्या दंडावर असतो. मायेनंच विचारतात सगळे. तरी त्या क्रियापदाशी मला दर वेळी ठेच लागते. दागिने बँकेत ठेवतात, लोणच्याची बरणी फडताळात ठेवतात. माझा धाकटा भाऊ ४६ वर्षांचा आहे. कानशिलांवरचे केस पिकलेत, दाढी खरखरीत आहे, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली की तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन गॅसकडे बोट दाखवतो. चौथी त्याला सोसत नाही.

तो बोलतो, पण आपलंच वाक्य आपल्याला परत देतो. “पाणी हवं का?” असं विचारल्यावर त्यानंही “पाणी हवं का?” म्हटलं, की हवं असतं. नको असेल तर गप्प. पुढे पुढे तहान लागली की तोच येऊन “पाणी हवं का?” म्हणायला लागला. प्रश्न आपला, तहान त्याची. “मी” हा शब्द त्याच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. मराठीत अशा माणसाला स्वमग्न म्हणतात. मला तो शब्द कधीच पटला नाही. स्वतःत बुडालेल्या माणसाला गल्लीच्या टोकाला वळलेली रिक्षा आपल्याआधी कशी ऐकू येईल? पंख्याची कुरकुर, ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारचा मिक्सर, सगळं त्याच्या अंगावर एकदम येतं. आपल्या कानांना असते ती गाळणी त्याच्यापाशी नाही.

तो ९ वर्षांचा असताना एका डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं की तुम्ही त्याला पुरेसं जवळ घेतलं नसेल. साताऱ्याला पोचेपर्यंत आई एसटीत एक शब्द बोलली नाही. पुढे खूप वर्षांनी मी वाचलं. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणं मांडून या अवस्थेची ओळख करून दिली ती १९४३ साली. मग आयांच्या थंडपणाला दोष देण्याची रीत पडली, आणि बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं ती समजूत खोडणारं पुस्तक १९६४ सालीच लिहिलं. तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. म्हणजे आईला ते ऐकावं लागलं त्याच्या कितीतरी आधी! मी धावत तिला सांगायला गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं, भांडं विसळलं आणि म्हणाली, “तरी मी त्याला अजून घ्यायला हवं होतं का गं?”

बाबा गेले तेव्हा तो चाळिशीत होता. बौद्धिक अक्षमता असलेला स्वमग्न माणूस १८ वर्षांचा झाला की त्याचे आईबापही कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हा पातळीवरच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. बाबांनंतर तो अर्ज मी केला. या समितीत एक सदस्य स्वतः अपंगत्व असलेला असावा लागतो. बाकी सगळे प्रश्न मला विचारत होते. त्या गृहस्थांनी कुबडी बाजूला ठेवली, खुर्ची भावाकडे वळवली आणि विचारलं, “तुम्हाला ताई हवी का?” त्याला “अहो-जाहो” करणारा पहिला सरकारी माणूस. भाऊ खिडकीकडे पाहत म्हणाला, “ताई हवी का?” कागदावर त्याचं काय झालं मला माहीत नाही. माझ्यासाठी ती सही होती. भारतानं २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात अपंग माणसाला कुठे आणि कुणाबरोबर राहायचं ते निवडण्याचा हक्क आहे. मी तो मजकूर वाचते तेव्हा मला ती वळवलेली खुर्ची दिसते.

मग आईचं खुब्याचं हाड मोडलं. ८० किलोच्या माणसाला अंघोळ कोण घालणार, रात्री अडीचला उठून दारं तपासत फिरणाऱ्याच्या मागे कोण फिरणार? आई इतकी वर्षं काय काय करत होती ते ती पलंगावर पडल्यावर आम्हाला कळलं.

पहिली जागा आम्ही पाहिली तिथून परत आलो. फरशी लखलखीत होती. एका हॉलमध्ये ओळीनं गाद्या, सगळ्यांची डोकी सारखीच भादरलेली, टीव्ही मोठ्यानं लावलेला आणि त्याच्याकडे कुणीच पाहत नव्हतं. रात्रीची गोळी सगळ्यांना होती. “सहा महिने भेटायला येऊ नका, म्हणजे रुळतो,” असं सांगण्यात आलं. तिथे तेच क्रियापद होतं: ठेवून जा.

दुसरी जागा एका खेड्याच्या कडेला. अशा जागा बहुतेक पालकांनीच जमीन शोधून, वर्गणी काढून उभ्या केल्या आहेत. बदलापूरचं ‘आधार’ असंच उभं राहिलं. राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ योजना आजन्म निवासासाठीच आखली गेली, पण गरजेच्या मानानं अशी घरं फार थोडी, आणि ७५-८० वर्षांचे आईबाप यादीत नाव घालून वाट पाहत बसलेले आम्ही पाहिले. आमचा नंबर लागला याचं सुख मला निखळपणे कधी घेता आलं नाही.

तिथे भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक आहे: दात, अंघोळ, चहा, शेंगा, जेवण. झालेलं चित्र काढून डब्यात टाकायचं. शेंगा म्हणजे शेंगा फोडणं, तो त्याचा उद्योग. दाणे एका डब्यात, टरफलं दुसऱ्यात, आणि किडका दाणा तो न चुकता वेगळा काढतो. सकाळी कोणता शर्ट, हे दोन शर्ट पुढे धरून त्याला विचारतात. तिथेही सगळ्यांना “मुलं” म्हणतात, पन्नाशीच्या माणसालासुद्धा, आणि मला ते खटकतं. पण त्याच्या खोलीवर रात्री असणारा तेविशीचा पोरगा त्याला “काका” म्हणतो.

गेल्या वर्षी भाऊ अचानक जबड्यावर ठोसे मारून घ्यायला लागला. पूर्वी घरी असं झालं तेव्हा गोळी वाढवली गेली होती आणि तो दोन महिने लाळ गाळत बसून होता. या पोरानं पाहिलं की काका भाकरीचा पापुद्रा खातात, कड टाकतात, आणि घास उजवीकडेच फिरवतात. दंतवैद्याकडे नेलं. डावीकडची दाढ मुळापर्यंत किडलेली. ज्याला दुखतंय हे सांगता येत नाही त्याचं दुखणं भाकरीच्या कडेवरून वाचणारा हा मुलगा बारावी नापास आहे, आणि त्याला मिळणारा पगार ऐकून मला लाज वाटली. या सगळ्या व्यवस्थेचा भार कुणाच्या खांद्यावर आहे ते आपण नीट पाहिलेलंच नाही.

आई त्याच्याबरोबर त्याचा स्टीलचा पेला द्यायची. काठाला पोचा असलेला, लहानपणापासूनचा. पहिल्या दिवशीच फोन आला, पेल्याला हात लावत नाहीत, इथल्या ग्लासातच पितात. आईला ते लागलं. तरी पेला बॅगेत राहिला.

यंदा गणपतीला तो घरी आला. मोदक मोजून पाच खाल्ले, आरतीला कान झाकून गच्चीवर गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी आई वाटीत तूप काढत होती. तो पायांत चपला घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, “घरी जायचं का?”

हे वाक्य आम्हीच त्याला तिथून आणताना म्हणालो होतो.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. तिनं तुपाचं झाकण लावलं, हात पुसले आणि काठी टेकत त्याच्याजवळ गेली. “घरी?” तिनं विचारलं. तो म्हणाला, “घरी?” मग तिनंच मला बॅग भरायला सांगितलं, आणि शेंगांची पिशवी आठवणीनं वर घालायला लावली.

मी चेन लावणार तेवढ्यात तो आत आला. बॅगेत हात घालून त्यानं पेला शोधला, स्वयंपाकघरात नेला आणि मांडणीवर, खालून दुसऱ्या फळीत, डाव्या कोपऱ्यात पालथा ठेवला.