गलांड्याला पाणी कमी

तुमच्यापैकी कितीजणांनी गलांडा पाहिलाय? हारात झेंडूच्या जोडीला लाल-पिवळं, पाकळ्यांची टोकं कातरल्यासारखं फूल असतं ना, तेच! गॅलार्डिया हे त्याचं शास्त्रीय नाव. आमच्या घरी मात्र तो आला गिरणीच्या संपामुळे.

आमचं गाव बुरोंडी, दापोली तालुक्यातलं, समुद्राकाठचं. बाबा मुंबईला गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि काही महिन्यांनी ते घरी आले. ट्रंकेत चार कपडे आणि चाळीतल्या शेजारच्या काकींनी माझ्यासाठी दिलेली बियांची पुडी. बाबा दिवसभर ओटीवर बसून असत. कुणाशी बोलत नसत. मी मनाशी ठरवलं, यांच्यासमोर फुलं फुलवायचीच.

पाऊस सरल्यावर परसात वाफा केला. गोठ्यातलं शेणखत भरपूर घातलं, सकाळ-संध्याकाळ कळशीभर पाणी. रोपं अशी तरारली, की मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले. पण नुसती पानंच पानं! मग बुंध्याशी कुजून एकेक रोप आडवं झालं. "किती पाजतेस गो त्याला!" आजी म्हणाली. मला रडूच फुटलं.

आणि काय सांगू, भिंतीशी वाळूचा ढीग पडला होता, तिथे सांडलेल्या बीचं एक रोप कुणी न बघता फुललं. ते पहिल्यांदा दिसलं बाबांना. त्यांनी मला हाक मारली. कितीतरी दिवसांनी!

असं का झालं असेल? तर हा गलांडा मूळचा टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोकडच्या कोरड्या, उघड्या माळांवरचा. ओक्लाहोमा राज्याने १९८६ मध्ये त्याला आपलं राज्य-रानफूल ठरवलं. त्याच्या पानांवर, देठावर बारीक लव असते, त्यामुळे पाणी कमी उडतं. मुळांना ओलाव्याबरोबर हवाही लागते. चिखलात ती गुदमरतात. आणि खत जास्त झालं की झाड पानांतच रमतं. आमच्याकडे तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस! म्हणून इथे तो पावसानंतरच लावायचा.

दुसऱ्या वर्षी वाफा बाबांनी केला. जांभ्याची माती, तिच्यात पऱ्ह्यातली वाळू, शेणखत अगदी ओंजळभर. तुम्हाला करायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा. कुंडी चालेल, पण तळाला भोक हवं आणि दिवसभर ऊन. बी वर पसरून चिमटीने थोडीशी वाळू भुरभुरवा, खोल पुरू नका. आठ-दहा दिवसांत कोंब येतात. चार-सहा पानं आली की दाट रोपं काढून फूटभर अंतराने लावायची. हे काम बाबांचं. साच्यावर तुटलेला धागा जोडणारी ती बोटं, एकाही रोपाचं मूळ दुखावलं नाही. मला सांगायचे, "वरची माती सुकली का बघ, मगच पाणी." मी रोज बोट खुपसून बघायची.

पेरल्यापासून तीनेक महिन्यांत फुलं आली. सुकलेली खुडत राहिलं की नवी येतात, बरं का! एक फूल सोलून बघा. ते एक नसतंच. कडेला पाकळीसारखी फुलं, मधे बारीक नळीसारखी कितीतरी. झेंडू, सूर्यफूल, बांधावरचा दगडीपाला, सगळी याच कुळातली. काही फुलं मात्र झाडावरच वाळू द्यायची. पाकळ्या गळून लवदार गोळा उरतो. तो हातावर चुरडला की बी मिळतं.

१९८४ च्या शिमग्यात पालखी आमच्या दारात आली. हार बाबांनीच ओवला होता, लाल-पिवळा. ढोल वाजत होते, आजी ओटीचं सामान शोधत होती आणि बाबा मात्र हाराची गाठ परत परत तपासत होते. बियांची पुडी आईने वाळवून ठेवली होती. दसरा उलटला की आजही मी ती डबी उघडते.