बघायला वेळ उरावा म्हणून

रोम, मंगळवार रात्र

प्रिय आई-बाबा,

आज कोलोसियम पाहिलं. दिवाळीनंतर तुम्ही दोघं याल तेव्हा बाबांच्या गुडघ्यांना ताटकळावं लागू नये, म्हणून इथल्या रांगांचं सगळं नीट लिहिते आहे.

तिकिटं साधारण महिनाभर आधी अधिकृत संकेतस्थळावर निघतात. तिकिटावर आपलं नाव आणि आत शिरायची वेळ असते. दारावर पासपोर्ट पाहतात, तेव्हा नाव पासपोर्टवर आहे तसंच घालायचं. बाहेर ‘रांगेशिवाय आत नेतो’ म्हणणारे बरेच भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. तिकीटखिडकीची रांग आधीच्या तिकिटानं टळते आणि सुरक्षा तपासणी कुणालाच चुकत नाही. त्याच तिकिटावर फोरम आणि पॅलेटाइन टेकडीही पाहता येते. तिकडे सान ग्रेगोरिओ रस्त्यावरच्या दारानं जायचं, तिथे गर्दी कमी असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, म्हणून तो दिवस टाळायचाच.

मला सर्वांत भावले ते कमानींवरचे आकडे. कोलोसियम इ.स. 80 मध्ये खुलं झालं. तळमजल्याला 80 कमानी, त्यांतल्या 76 लोकांसाठी, आणि त्यांवर क्रमांक कोरलेले. कुणी कोणत्या कमानीतून शिरायचं, कोणता जिना चढायचा, कुठे बसायचं, हे आधीच ठरलेलं असे. काही आकडे आजही वाचता येतात. हजारो माणसांना धक्काबुक्कीशिवाय जागेवर पोचवायचं, हा विचार बांधणाऱ्यांनी पायापासूनच केला होता. त्या दगडी आकड्यांपुढे मी बराच वेळ उभी होते.


रोम, गुरुवार

प्रिय आई-बाबा,

व्हॅटिकन म्युझियमचं दार सेंट पीटर चौकात नाही, तटबंदीला वळसा घालून उत्तरेला जावं लागतं. तिथे भिंतीलगत लांबच लांब रांग असते, ती तिकीट न काढता आलेल्यांची. आधी आरक्षण करायला माणशी 5 युरो जास्त पडतात. बाबा, हे पैसे वाचवायचे नाहीत.

पंढरपूरच्या दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहणं हाही भक्तीचाच भाग असतो. नामस्मरण चाललेलं असतं, शेजारचा अनोळखी माणूस आपला होऊन जातो. इथल्या रांगेत तसं काही नसतं. बाहेर थकलेली माणसं आत आल्यावर चित्रांकडे न पाहता भराभर पुढे सरकताना मी पाहिली, तेव्हा फार वाईट वाटलं. सिस्टीन चॅपलचं छत रंगवायला मायकेलअँजेलोला 1508 ते 1512 एवढा काळ लागला. ते पाहायला आपल्या अंगात त्राण नको का? भिंतींलगत बाकं आहेत. जागा मिळाली की बसायचं आणि निवांत वर पाहत राहायचं. फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे नजरेला दुसरं काम उरत नाही.

सेंट पीटर बॅसिलिकेत प्रवेश फुकट असतो, पण तपासणीची रांग दिवस चढेल तशी वाढते. सकाळी 7 वाजता दार उघडतं, तेव्हाच पोचायचं. आत शिरल्यावर लगेच उजव्या हाताला काचेआड ‘पिएता’ हे शिल्प आहे. आई, तू तिथेच रेंगाळशील, हे मला ठाऊक आहे. फक्त बुधवारी सकाळी जायचं नाही. तेव्हा पोपच्या सभेसाठी चौक भरलेला असतो.


फ्लॉरेन्स, शनिवार रात्र

प्रिय आई-बाबा,

इथे उफ्फिझी आणि अकादेमिया ही दोन्ही कलादालनं सोमवारी बंद असतात. उफ्फिझीला दुपारी उशिरा जायचं, सहलींचे गट तोवर परतीला लागलेले असतात. अकादेमियाला मात्र सकाळची पहिली वेळ घ्यायची. तिथला ‘डेव्हिड’चा पुतळा 5 मीटरहून उंच आहे. समोर गर्दी नसेल तरच त्याच्याभोवती फिरून त्याच्या हातावरच्या शिरा पाहता येतात.

कॅथीड्रलच्या घुमटाला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तेव्हा बाबांनी तो नाद सोडावा. पियाझाले मायकेलअँजेलोपर्यंत बस जाते. तिथून तोच घुमट साऱ्या शहरासकट दिसतो, तिकीट लागत नाही.

आणि अकादेमियाजवळच सान मार्कोचा मठ आहे. फ्रा अँजेलिकोनं तिथल्या भिक्षूंच्या कोठ्यांत भित्तिचित्रं काढली, प्रत्येक कोठीत वेगळं चित्र. मी गेले तेव्हा दाराशी रांगच नव्हती. इतकी मोठी कला इतक्या शांतपणे पाहायला मिळते, तर प्रसिद्ध ठिकाणांइतकाच वेळ अशा जागांनाही द्यायला हवा. मला वाटतं, रोज गर्दीचं एकच ठिकाण आधी ठरवून घ्यावं आणि उरलेला दिवस असा मोकळा ठेवावा.

तुमच्या तारखा पक्क्या झाल्या की लगेच कळवा. कोलोसियमची वेळ सर्वांत आधी घेऊ, बाकीचं तिच्याभोवती बसवता येईल.

तुमची,
मुग्धा