सासू कोण होणार?

कम्युनिटी पोस्टिंगच्या आधी मी वर्गातले बाक सरकवते, मधल्या जागेत दहा बाय दहाची खोली आखते आणि विचारते, ‘सासू कोण होणार?’ सगळ्यांना सासू व्हायचं असतं. सिस्टर व्हायला कुणी पुढे येत नाही.

जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी या मुलींना वस्तीत जावं लागतं. वॉर्डात पेशंट आपल्याकडे आलेला असतो. इथे आपण त्याच्या उंबऱ्यावर. ‘आत्ता वेळ नाही’ म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. ते ऐकून तोंड न पाडता माघारी कसं फिरायचं, याचीच तालीम मी जास्त घेते. फॅमिली फोल्डरमधला मासिक उत्पन्नाचा रकाना सगळ्यात शेवटी भरायचा, हा माझा दंडक. आल्या आल्या पगार विचारणाऱ्या पाहुणीशी कोण बोलेल?

मग कल्याण पूर्वेची नेतिवली टेकडी. बॅग टेक्निक सगळ्यांना तोंडपाठ असतं: वर्तमानपत्र पसरा, त्यावर बॅग, आधी साबण-टॉवेल, हात धुवा, मग बाकीचं साहित्य. पण पुस्तकातल्या घराला नळ असतो. इथे एका बाईंनी हात धुवायला तांब्याभर पाणी दिलं आणि वाकून ड्रमाचा तळ बघितला. आता प्रत्येक जोडीकडे पाण्याची स्वतःची बाटली असते.

त्याच गल्लीत एक पाच महिन्यांची गरोदर. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० दिवस घ्यायच्या. हिच्या डब्यात पाकिटं जशीच्या तशी. माझी विद्यार्थिनी भाषण सुरू करणार, तेवढ्यात थांबली आणि म्हणाली, ‘ताई, गोळी घेतल्यावर काय होतं?’ बाई हळूच म्हणाली, ‘मळमळतं. आणि संडासला काळी होते, भीती वाटते.’ गोळी ती रिकाम्या पोटी, सकाळच्या चहासोबत घ्यायची. काळं होणं लोहामुळेच, घाबरायचं कारण नाही; चहाने लोह अंगी लागत नाही; रात्री जेवणानंतर घेऊन बघा. एवढंच बोलणं झालं. मी दारातच उभी होते. मी आत गेले की बाई माझ्याशी बोलते आणि मुलगी फोल्डरात डोकं घालते.

एकटीला मात्र कुठेच पाठवत नाही. जोडी हवी आणि सोबत आशाताई. तरी कुणीतरी दारातून खेकसतोच. अशा दिवशी दुपारी अंगणवाडीत बसून आधी ते बोलून घ्यायचं, रिपोर्ट नंतर. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मुद्दाम बाळंतिणीच्या घरी पाठवते. बाळाचं वजन करताना ती आदला दिवस विसरते, असा माझा अनुभव.

आशाताईंची एक तक्रार अजून बाकी आहे. ‘मॅडम, नऊला मुली आणू नका, तेव्हा बायका पाण्यात असतात. अकराला या.’ कॉलेजच्या वेळापत्रकात नऊच आहेत. अर्ज दिलाय, तोवर पहिले दोन तास आम्ही अंगणवाडीत पोरांची वजनं घेतो.