नवतपा आणि धोंड्याचा महिना

मे संपत आला की विदर्भात ज्याच्या त्याच्या तोंडी नवतपा असतो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि पुढचे नऊ दिवस भुई भाजून काढतो, अशी समजूत. खामगाव तालुक्यातलं पिंपळगाव राजा हे गाव सुमारे २०.७ उत्तर अक्षांशावर आहे. तिथे सूर्य अगदी माथ्यावर येतो तो २४ मेच्या आसपास, म्हणजे नवतपा लागण्याच्या आदल्या दिवशी. त्या दुपारी ओळंबा लावून सरळ रोवलेली काठी पाहावी. सकाळभर पश्चिमेला लांब पसरलेली सावली आखडत आखडत येते आणि शेवटी काठीच्या बुडातच जिरते. त्यानंतर जवळजवळ दोन महिने भर दुपारची सावली उत्तरेला न पडता दक्षिणेला पडते आणि एरवी दुपारी सावलीत असणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतींवर ऊन येतं. १९-२० जुलैला सूर्य परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा माथ्यावर येतो. वर्षात असे दिवस दोनच. २१ जूनला हातभर काठीची सावली दक्षिणेला जेमतेम बोटाच्या रुंदीएवढी सरकलेली असते, आणि २२ डिसेंबरला तीच काठी भर दुपारीसुद्धा जवळपास स्वतःच्या उंचीएवढी सावली उत्तरेला टाकते. उन्हाळा-हिवाळ्याचं सगळं मर्म या सावलीत आहे असं मला वाटतं, रोहिणीत नाही.

यावर पहिली हरकत येईल ती अनुभवाची. इतक्या पिढ्यांनी नवतप्यात होरपळून घेतलं, ते काय खोटं? होरपळणं खरंच आहे, कारण मात्र दुसरं आहे. पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक घेर घेतो, त्यामुळे नक्षत्रं आणि ऋतू यांची सांगड दर ७२ वर्षांना साधारण एका दिवसाने सुटत जाते. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला तो ११५० साली. तेव्हा सूर्य रोहिणीत शिरत होता तो माथ्यावर येण्याच्या बरेच दिवस आधी. आज पिंपळगावात या दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या आहेत, पुढे त्यांची ताटातूट होईल आणि तरीही मे तापेल. दुसरी हरकत शाळेतून येते: उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात हे अंतर १५.२ कोटी होतं. या फरकामुळे सूर्याकडून मिळणारी उष्णता जानेवारीत सुमारे सात टक्के जास्तच असते. पण डिसेंबरात पिंपळगावच्या सपाट शिवारावर दुपारचं ऊन ४४ अंशांनी तिरपं पडतं, तेवढ्याच जमिनीला मेपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी मिळतं, आणि दिवस पावणेअकरा तासांचा असतो. मेअखेरीस तो सव्वातेरा तासांच्या जवळ जातो. मग जुलैतला माथ्यावरचा सूर्य का भाजत नाही? तोवर पावसाळ्याचे ढग आलेले असतात आणि ओल्या काळ्या मातीतलं पाणी उडवण्यात बरीच उष्णता खर्ची पडते. सूर्य तोच, मधलं आभाळ वेगळं.

आता घड्याळ पाहू. बारा वाजले की सूर्य डोक्यावर, हे आपण इतक्या सहज म्हणतो की तपासायचं सुचत नाही. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. पिंपळगाव तिच्या पश्चिमेला सुमारे सहा अंश, म्हणून इथली मध्यान्ह चोवीस मिनिटं उशिरा व्हायला हवी. पण ती रोज १२ वाजून २४ मिनिटांनी होत नाही. २४ मेला ती १२:२१ च्या सुमारास होते आणि २० जुलैला १२:३० च्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:०८, फेब्रुवारीच्या मध्याला १२:३८. बारा वाजता मात्र कधीच नाही. या अर्ध्या तासाच्या हेलकाव्याची दोन कारणं आहेत: आस कललेला आहे, आणि पृथ्वीची वाट वर्तुळ नसून किंचित लंबगोल आहे. सूर्याजवळ असताना पृथ्वी सेकंदाला ३०.३ किलोमीटर धावते, लांब असताना २९.३. केप्लरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा नियम मांडला, पण त्याची खूण भिंतीवरच्या कालनिर्णयातही आहे. १६ डिसेंबरची धनुसंक्रांत आणि १४ जानेवारीची मकरसंक्रांत यांत २९ दिवस. १५ जूनची मिथुनसंक्रांत आणि १६ जुलैची कर्कसंक्रांत यांत ३१. अमावास्या ते अमावास्या हा चांद्रमहिना मात्र सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. ज्या चांद्रमहिन्यात एकही संक्रांत पडत नाही तो अधिक, म्हणजेच धोंड्याचा महिना. उन्हाळ्यातल्या लांब सौरमहिन्याच्या पोटात अख्खा चांद्रमहिना मावतो, थंडीतल्या आखूड महिन्यात मावतच नाही. म्हणून २०२० साली आश्विन अधिक आला, २०२३ साली श्रावण, २०२६ साली ज्येष्ठ. अधिक पौष कुणाच्या कानावर नसतो. जावयाला धोंड्याचं जेवण पौषात का नसतं याचं उत्तर पृथ्वीच्या थंडीतल्या घाईत आहे. पंचांगातली ही जागा मला फार मोलाची वाटते, कारण लाखो घरं तिच्याप्रमाणे वागतात आणि तिच्यामागची पृथ्वीची धाव कुणी मुलांना दाखवत नाही.

इथे सर्वांत खरा आक्षेप उभा राहतो. सावली, मध्यान्ह, संक्रांत हे सगळं पृथ्वी स्थिर आणि सूर्य फिरता मानूनही जुळवता येतं. भास्कराचार्यांनी तसंच जुळवलं, आणि चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ साली त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला तेव्हा तिथेही तेच शिकवलं जात असणार. आकडे बरोबर येत होते. म्हणजे पृथ्वी फिरते हा खटला काठी एकटी जिंकून देत नाही, हे मान्यच करायला हवं. त्यासाठी वेगळा साक्षीदार लागतो. १८५१ साली फूकोने पॅरिसच्या पॅन्थिऑनमध्ये ६७ मीटर लांबीचा लंबक टांगला, आणि त्याच्या झोक्याची दिशा तासाला सुमारे ११ अंशांनी वळताना लोकांनी पाहिली. वळत होती ती खालची फरशी. ध्रुवावर हा फेरा दिवसात पुरा होतो, विषुववृत्तावर होतच नाही. खामगाव भागात जिनिंगच्या उंच छपरांना तोटा नाही. तिथे असा लंबक सोडला तर तो तासाला ५.३ अंश वळेल आणि फेरा पुरा करायला सुमारे ६८ तास घेईल. त्या ६८ तासांवरून गावाचा अक्षांश काढता येतो. आणि पंचांगकर्त्यांची पलभा, म्हणजे विषुवदिनी दुपारी बारा अंगुळांच्या शंकूची पडणारी सावली, पिंपळगाव राजात साडेचार अंगुळं भरते. तिच्यावरूनही तोच अक्षांश येतो, २०.७.