लाल देवळापासून नवगावच्या किनाऱ्यापर्यंत

पुण्यातील ज्यू वारशाची ओळख बहुतेकांना लष्कर भागातील लाल देवळापासून होते. ओहेल डेव्हिड हे त्याचे मूळ नाव. बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांनी ते बांधायला घेतले. ते 1864 मध्ये वारले आणि इमारत 1867 मध्ये पूर्ण झाली. आवारातच त्यांची समाधी आहे. तांबड्या विटांची ही वास्तू देखणी खरी, पण मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा, म्हणजे बेने इस्रायलींचा, माग रास्ता पेठेत लागतो. तिथले सुकाथ श्लोमो सिनेगॉग 1921 चे. पलटण, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांतील नोकऱ्यांपायी ही कुटुंबे कोकण सोडून आली. त्यांचे मूळ पाहायचे तर घाट उतरायला हवा.

पेणहून अलिबागकडे जाताना खंडाळे गाव लागते. तिथल्या खडकावरील खुणा एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या रथाच्या व घोड्यांच्या टापांच्या, अशी श्रद्धा आहे. त्याच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, फळे. ज्यू प्रेषिताला कोकणी पोह्यांचा नैवेद्य, यातच या समाजाचे सारे रूप येते. अलिबागेत कुलाबा किल्ल्यापेक्षा इस्रायल आळी आणि तिथले मागेन आबोथ सिनेगॉग अधिक वेळ मागते.

नवगाव मात्र घाईत पाहण्याचे ठिकाण नव्हे. इथे बेने इस्रायलींच्या पूर्वजांचे जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना किनाऱ्यालगत पुरले, असे परंपरा सांगते. दफनभूमीत स्मारकस्तंभ आहे. वाचलेल्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून ते शनवार तेली. हाइम केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या इतिहासात हे आगमन इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले मानले. तेवढ्या जुन्या काळाचा लेखी पुरावा नाही. समाजाचे स्पष्ट उल्लेख अठराव्या शतकापासून मिळतात. त्यामुळे केहीमकरांचा काळ इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. परंपरा तेवढ्याने टाकाऊ ठरत नाही. नवगावकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर आणि खुद्द केहीमकर ही आडनावे गावोगाव रुजलेल्या वस्तीची साक्ष देतात. वर्ष त्यांतून कळत नाही, मुक्काम मात्र कळतो.

दक्षिणेला रेवदंड्यात पोर्तुगीज तटाच्या गावात बेथ एल सिनेगॉग आहे. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिथेही त्यांनी मराठी सोडली नाही. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्यांनीच काढले.