हाक आणि विमान

बीदरच्या वायुदल-तळामुळे विमानांची घरघर आम्हां औरादकरांस नवी नाही. रुग्णाच्या दारी वैद्यास उतरविणारे विमान मात्र आम्ही केवळ वाचले. ते ऑस्ट्रेलियातले. जॉन फ्लिन या ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या खटपटीने १७ मे १९२८ रोजी क्लॉनकरीहून डॉक्टर वेल्च यांनी पहिले उड्डाण केले.

पण ओसाड मुलखातून वैद्यास हाक मारावी कशी? तेथे ना तार, ना वीज! आल्फ्रेड ट्रेगर यांनी १९२९ साली पायाने पेडल मारून चालणारे बिनतारी यंत्र सिद्ध केले. सायकल चालवावी तसे पाय हलवीत गृहिणी संदेश धाडू लागल्या. आम्हांस विमानाहून या पेडलाचेच नवल अधिक!

१९५६ साली बीदर जिल्हा विभागला. उदगीर मुंबई राज्यात गेले, औराद म्हैसुरात आले. अजूनही रात्री सर्प डसला की उदगीर गाठावे की बीदर, यावर ओसरीवर खल होतो. तोवर विष चढत असते. १०८ क्रमांक सर्वांस ठाऊक आहे. परंतु घरी एकटी असलेली मराठी आजी गावाचे नाव, वाटेची खूण कानडीत कशी सांगणार?

तेव्हा आमच्या वर्गाने ती चार कानडी वाक्ये देवनागरीत लिहून घरोघरी दिव्याच्या बटणाशेजारी चिकटविण्यास आरंभ केला आहे.